आगबोटीचे यंत्र आणि तेलाची साक्ष



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाईभत्ता ह्यांपलीकडे काही बोलणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती बहुधा खरीही ठरते, म्हणून आम्ही तक्रार करीत नाही. आजचा विषय मात्र निराळा आहे. आगबोटीच्या इंजिनात जे वंगणाचे तेल फिरते त्यावरून इंजिनाची प्रकृती कशी ओळखतात, ही विद्या कोठून आली, आणि तिने बोटीवरच्या माणसाचे काय केले, ह्याचा थोडा इतिहास आम्ही सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. जे वाचले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात, आणि वाचून जे उमगले नाही ते फिटर मित्रांना व बोटीवरच्या इंजिनवाल्यांना विचारून घेतले. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

विषय दूरचा वाटेल. पण आपल्या कढईतले पामतेल आणि आपल्या मोटारींचे पेट्रोल ज्या कच्च्या तेलातून निघते ते तेल, ही दोन्ही बोटीनेच आपल्या देशाला लागतात. रस्त्यात मोटार बंद पडली तर माणूस ती कडेला लावून चहा पिऊ शकतो. भर वादळात बोटीचे इंजिन बंद पडले तर कडेला लागणे म्हणजे खडकावर आदळणे होय. म्हणून इंजिन बंद पडण्याच्या आधी ते बंद पडणार हे कळावे, अशी धडपड आगबोटीच्या जन्मापासून चाललेली आहे.

प्रथम वाफेच्या इंजिनाचा काळ घेऊ. हे इंजिन उघडे असे. दोन-तीन मजले उंच असे ते धूड, त्याचे दांडे वरखाली होत आहेत, क्रँक डोळ्यांदेखत गरगरते आहे, आणि भोवतालच्या लोखंडी पायऱ्यांवरून एक माणूस हातात झारी घेऊन फिरतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. बेअरिंगवर तेलाची छोटी पेटी असे. तीतून वातीच्या वाटेने थेंब थेंब तेल उतरे. एकदा कामी आलेले तेल खाली गळून जाई आणि त्याचा संबंध संपे. झारीवाल्या माणसाचे निम्मे काम तेल घालण्याचे आणि निम्मे हात लावून पाहण्याचे. फिरत्या क्रँकच्या फेऱ्याशी स्वतःचा हात जुळवून, ती खाली आली की तळहात ओझरता लावायचा आणि पुढच्या क्षणी काढून घ्यायचा. चुकला तर बोटे गेली. त्या एका स्पर्शात बेअरिंग थंड आहे, कोमट आहे की तापू लागले आहे हे त्याला कळे. वास आणि आवाज ही त्याची दुसरी साधने. आज ज्याला यंत्राच्या लक्षणांवरून दुरुस्ती करणे म्हणतात, तिचा पहिला वैद्य हा असा झारीवाला होता.

त्याचे नाव आपल्याच बोलीतले होते, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. ब्रिटिश बोटींवर हिंदी खलाशांची मोठी भरती असे. १९१४ च्या सुमारास त्यांची संख्या पन्नास हजारांच्या आसपास होती. इंजिनघरातल्या गटाचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, भट्टीवर आगवाला, कोळसा ओढणारा कोयलावाला आणि यंत्रावर तेलवाला. आमच्या रत्नागिरीकडचे लोक बहुधा डेकवर असत आणि गोव्याचे लोक खानपानाच्या खात्यात. इंजिनघरात मुंबईहून भरती झालेले पंजाब-सरहद्दीकडचे आणि कलकत्त्याहून गेलेले सिल्हेटचे लोक अधिक. कोकणाभिमानाला थोडी मुरड घालून हे सांगावे लागते. ह्या तेलवाल्याला मिळणारा पगार त्याच कामावरच्या गोऱ्या माणसाच्या मानाने कितीतरी कमी असे, हे सांगायला नकोच. पण आमच्या आजच्या विषयाला अधिक जवळची गोष्ट दुसरी आहे. बेअरिंग तापले हे त्याच्या तळहाताला प्रथम कळे. परंतु इंजिनाची नोंदवही साहेबाच्या हाती, आणि वेग कमी करण्याचा हुकूमही साहेबाचा. तेलवाल्याने सारंगाला सांगायचे, सारंगाने साहेबाला. ज्ञान एका ठिकाणी आणि अधिकार दुसऱ्या ठिकाणी, असा हा प्रकार होता. यंत्रे बदलली, साधने बदलली. हे अंतर मिटले की नाही हाच आमच्या आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आता तेलाकडे वळू. बेअरिंगमध्ये तेल नेमके करते काय, हे १८८३ पर्यंत कोणालाही नीट ठाऊक नव्हते. तेलामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो एवढीच समजूत होती. इंग्लंडातल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने घर्षणाचा छडा लावण्यासाठी बोशां टॉवर नावाच्या इंजिनिअरला प्रयोगास बसविले. रेल्वेच्या आसाला असते तसे बेअरिंग त्याने घेतले, खालून आस तेलात बुडता ठेवला, आणि वरून तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या डोक्याला भोक पाडले. यंत्र चालू करताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर उसळू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकून बाहेर आली. मग त्याने तेथे दाब मोजण्याचे घड्याळ बसविले. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचास शंभर पौंड, आणि घड्याळाचा काटा दोनशेच्या पुढे गेला! म्हणजे फिरता आस स्वतःच्याच गतीने तेल आपल्याखाली ओढतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. पुढे १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स ह्यांनी ह्याचे गणित मांडले. एका उडालेल्या बुचातून केवढे शास्त्र निघाले, ह्याची आम्हांस नेहमी गंमत वाटते.

हे कळले तेव्हा इंजिनवाल्यांनी पुढचे पाऊल टाकले. तेल थेंब थेंब घालण्याऐवजी पंपाने दाबून प्रत्येक बेअरिंगला पोचवायचे, आणि खाली गळलेले तेल गोळा करून, गाळून, थंड करून पुन्हा पंपाने चढवायचे. १८९० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यात जलद गतीच्या वाफेच्या इंजिनात ही युक्ती यशस्वी झाली. उसळते तेल अंगावर येऊ नये म्हणून इंजिनाभोवती पेटी आली, दारे आली. मग डिझेल इंजिन आले. कोपनहेगनच्या बर्माइस्टर आणि वाइन कारखान्याने बांधलेली ‘सेलांडिया’ ही मोठी डिझेल बोट १९१२ साली बँकॉकच्या सफरीस निघाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत वाफ हळूहळू मागे पडली.

ह्या बदलात दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, आणि त्या दोन्ही ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. क्रँक बंद पेटीत गेली, तेव्हा तेलवाल्याचा हात दाराबाहेर राहिला. आणि तेल एकदा वापरून फेकण्याचे बंद झाले, तेव्हा तेच तेल महिनोन्‌महिने इंजिनाच्या अंगातून फिरू लागले. जेथे जेथे धातू झिजे तेथली सूक्ष्म पूड, जेथे पाणी शिरे तेथला ओलावा, जळलेल्या इंधनाची काजळी, हे सारे ते आपल्याबरोबर घेऊन येऊ लागले. हाताची साक्ष बंद झाली त्याच वेळी तेलाची साक्ष सुरू झाली. मात्र ती वाचायला माणसाला आणखी अर्धशतक लागले, आणि त्या मधल्या काळात पुष्कळ माणसे प्राणास मुकली.

त्यांतली सर्वांत मोठी दुर्घटना ११ सप्टेंबर १९४७ ची. ‘रेना डेल पॅसिफिको’ ही चार इंजिनांची मोठी उतारू बोट. युद्धात तिने सैनिक वाहिले होते. युद्ध संपल्यावर बेलफास्टच्या गोदीत तिची डागडुजी झाली आणि चाचणीसाठी ती समुद्रात गेली होती. एका इंजिनातला एक पिस्टन तापला. बंद पेटीत तापलेल्या धातूवर तेल पडले म्हणजे त्याची वाफ होते, ती वाफ थंड जागी जाऊन पांढऱ्या धुक्यासारखी दाटते, आणि हवेतले तिचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की तोच तापलेला धातू तिला पेटवितो. पहिला धडाका पुष्कळदा लहान असतो. परंतु त्याने दारे उडाली की पेटीत पोकळी होऊन बाहेरची हवा आत घुसते, आणि मग दुसरा स्फोट होतो तो पहिल्याहून भयंकर. त्या दिवशी स्फोट चारही इंजिनांत पसरला. २८ माणसे मेली. इंजिनघरात उभे असलेले इंजिनिअर, फिटर, कारागीर अशी ही माणसे होती.

आम्ही कामगार संघटनेची माणसे अशा दुर्घटनांचे अहवाल वाचतो ते अपराधी कोण हे पाहण्यासाठी. ह्या अपघाताने मात्र आम्हांस दुसरेच शिकविले. त्या पिस्टनची अवस्था बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नव्हती. जुन्या उघड्या इंजिनात जे तळहाताला कळले असते, ते सांगणारे काही साधन त्या पेटीवर नव्हते. ह्या स्फोटानंतर संशोधन झाले. पेटीच्या दारांवर दाब मोकळा करणाऱ्या झडपा आणि ज्वाळा अडविणाऱ्या जाळ्या आल्या, आणि पेटीतली हवा सतत ओढून तीत तेलाचे धुके आहे काय हे प्रकाशकिरणाने पाहणारे यंत्र आले. धुके स्फोटक होण्याची खालची मर्यादा लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम मानतात. इशाऱ्याची घंटा तिच्या विसाव्या हिश्श्याला, म्हणजे सुमारे अडीच मिलिग्रॅमलाच वाजावी असा नियम आहे. इंजिनघर काही वेळ माणसाविना ठेवायचे असेल तर २,२५० किलोवॅट किंवा त्याहून अधिक शक्तीच्या, अथवा ३०० मिलिमीटरहून मोठ्या सिलिंडरच्या इंजिनांना हे यंत्र, नाही तर बेअरिंगचे तापमान दाखविणारे किंवा तत्सम साधन, आंतरराष्ट्रीय कायद्याने सक्तीचे आहे.

धुके हे शेवटच्या घटकेचे लक्षण झाले. त्याच्या महिनोन्‌महिने आधी झीज ओळखण्याची विद्या समुद्रावर जन्मली नाही. ती अमेरिकेतल्या डोंगरी रेल्वेवर जन्मली. १९४० नंतरच्या दशकात डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न ह्या रेल्वेने आपल्या डिझेल इंजिनांतले वापरलेले तेल वर्णपटयंत्राखाली तपासायला सुरुवात केली. तत्त्व सोपे आहे. दिवाळीत फुलबाजीचे रंग निरनिराळे दिसतात ते त्यांतल्या निरनिराळ्या धातूंमुळे. तेलाचा थेंब विजेच्या ठिणगीत जाळला की त्यातला प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो, आणि त्या प्रकाशाच्या तेजावरून दहा लाख भागांत तो किती भाग आहे हे मोजता येते. पुढे १९५० नंतर अमेरिकन आरमाराने ही पद्धत विमानांच्या इंजिनांना लावली, आणि तेथून ती व्यापारी बोटींपर्यंत आली. आपल्याकडच्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही वर्णपटावर तेल पाहण्याचा रिवाज पडला.

ह्या तपासणीचा कागद वाचणे हे एक शहाणपणाचे काम आहे. लोखंड वाढले तर सिलिंडरची भिंत किंवा कड्या झिजत आहेत. क्रोमियम दिसले तर कड्यांवरचा मुलामा जातो आहे. कथील वाढले तर बेअरिंगचा पांढरा धातू निघतो आहे, कारण त्या धातूत मुख्य कथीलच असते. सोडियम आणि पाणी दोन्ही आढळली तर समुद्राचे पाणी शिरले असावे. व्हॅनेडियम दिसले तर जड इंधन वंगणात उतरते आहे. हे जड इंधन म्हणजे शुद्धीकरणात तळाला उरलेला गाळ. शेल कंपनीच्या जॉन लँब ह्यांनी १९४६ पासून ‘ऑरिक्युला’ ह्या टाकीबोटीवर तो डिझेल इंजिनात जाळून दाखविला, आणि तो स्वस्त म्हणून सगळ्या जगाने उचलला. त्या स्वस्ताईबरोबर गंधकाचे आम्ल आले. इंधनशुद्धीच्या कारखान्यातली ॲल्युमिनियम-सिलिकॉनची कठीण रेती आली, जी सिलिंडरला कानशीसारखी घासते. त्या आम्लाला मारण्यासाठी वंगणात क्षार घालावे लागले, आणि ते क्षार किती उरले हेही मग तपासणीच्या कागदावर एक कलम झाले. १ जानेवारी २०२० पासून समुद्रावरच्या इंधनातल्या गंधकाची सर्वसाधारण मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली, तेव्हा हे सारे प्रमाण पुन्हा बसवावे लागले.

एकच आकडा पाहून मात्र काही सांगता येत नाही. लोखंड तीस भाग आले, हे चांगले की वाईट? त्या इंजिनात मागल्या वेळी दहा होते की अठ्ठावीस, ह्यावर ते अवलंबून. म्हणून नमुना दर वेळी त्याच तोटीतून, इंजिन चालू आणि गरम असताना, गाळणीच्या अलीकडून घ्यावा लागतो. आधी थोडे तेल सांडून तोटी धुऊन घ्यावी लागते. घाईत असलेल्या माणसाने टाकीच्या तळातून बाटली भरली तर त्या बाटलीत इंजिनाची साक्ष मिळत नाही, तळचा गाळ मिळतो. शिवाय वर्णपटयंत्राला एक दृष्टिदोष आहे. पाच-दहा मायक्रॉनहून मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. दाताचा किंवा बेअरिंगचा टवका उडाला तर मोठे तुकडे पडतात, आणि नेमके तेच यंत्राच्या नजरेतून सुटतात. ह्यासाठी १९७० नंतर अमेरिकेत व्हर्नन वेस्टकॉट ह्यांनी लोहचुंबकावरून तेल ओघळवून कण आकारमानाप्रमाणे मांडण्याची युक्ती काढली, जिला फेरोग्राफी म्हणतात. कण वाटोळे की लांबट, कापल्यासारखे की सालपटासारखे, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून झीज कशामुळे आहे ते सांगता येते. बोटीवर तर गरम तव्यावर थेंब टाकून तो चरचरला म्हणजे पाणी आहे, टिपकागदावर थेंब टाकून डाग काळा व आखूड पडला म्हणजे काजळी आहे, असले घरगुती उपायही चालतात, आणि आमच्या मते ते मुळीच कमी प्रतीचे नाहीत. प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत बोट कधी कधी दोन बंदरे ओलांडून गेलेली असते.

येथे एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मुंबई बंदरात एक बोट दुरुस्तीला आली होती. नाव कोणाचेच घेत नाही. आमच्या सभासद फिटरांनी मुख्य बेअरिंग उघडले तर पांढरा धातू जवळजवळ निघून गेलेला. नंतर कळले की तेलतपासणीचे तीन कागद फायलीत व्यवस्थित लावलेले होते. तिन्हींवर कथील चढत गेलेले, तिसऱ्याच्या समासात लाल शाईची खूण, आणि खाली पाहिल्याची सही. म्हणजे तेलाने साक्ष दिली होती, ती लिहूनही घेतली होती. परंतु सही करणाऱ्याच्या हाती बोट थांबविणे नव्हते आणि ज्याच्या हाती होते त्याच्यापर्यंत कागद गेला नव्हता. आमच्या फिटरांना तर असे कागद असतात हेही माहीत नव्हते.

आता ह्या विद्येची दुसरी बाजू सांगतो, जी आमच्या कामगार बांधवांना फारशी रुचणार नाही. पूर्वीची रीत मुदतीची होती. इतके तास झाले की इंजिन खोलायचे, पाहायचे, पुन्हा बसवायचे. ह्यात हाताला काम मिळते, म्हणून आम्ही कामगार पुढारी ह्या रीतीचे नेहमी समर्थन करीत आलो. पण दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या किनारी पथकात, जर्मन पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या विमानांच्या बाबतीत, सी. एच. वॉडिंग्टन ह्यांना वेगळेच दिसले. हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्रज्ञ. आकडे पाहण्याची सवय असलेले. मुदतीची तपासणी झाल्यानंतर लगेच विमानात बिघाड अधिक होतात आणि मग जसजसे उड्डाणाचे तास जातात तसतसे ते कमी होतात, असे त्यांना आढळले. म्हणजे धडधाकट यंत्र खोलण्यानेच काही बिघाड जन्माला येत होते. युद्धकाळातले हे काम पुस्तकरूपाने १९७३ साली बाहेर आले. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप ह्यांनी विमानाच्या भागांचा हिशेब मांडला, तेव्हा वय वाढले म्हणून बिघडणारे भाग शंभरात अकराच भरले. उरलेल्या एकोणनव्वदांना ठरावीक मुदतीवर बदलण्याने लाभ नव्हता.

बोटीचे इंजिन म्हणजे विमान नव्हे, सिलिंडर आणि कड्या झिजतात त्या वयानेच झिजतात, हे खरे. तरी ज्याने कधी बेअरिंगची टोपी उघडली आहे त्याला ठाऊक आहे की एक विसरलेला चिंधीचा तुकडा, एक उलटा बसलेला वायसर, एक कमी आवळलेला बोल्ट पुरे होतो. चांगल्या यंत्राला उगाच हात लावू नये हा नियम जुन्या मेस्त्रींचाही होता. तेव्हा लक्षणे पाहून दुरुस्ती करण्याला तत्त्वतः विरोध करावा असे आम्हांस वाटत नाही. खरी गोष्ट ही की ह्या सुधारणेचा फायदा कोणाच्या पदरी पडला ते विचारले पाहिजे.

बोटींना दाखला देणाऱ्या ज्या वर्गीकरण संस्था आहेत, त्यांच्या नियमाने यंत्रांची पूर्ण तपासणी पाच वर्षांच्या चक्रात होते. लक्षणे नियमाने नोंदविणाऱ्या बोटींना काही यंत्रे न खोलता तपासणी पुरी झाल्याचे मान्य करतात. ह्याचे चांगले उदाहरण म्हणजे पंख्याचा मागचा दांडा. लोखंडी बोटींना पंखा लागला तेव्हा पितळी बेअरिंग काही दिवसांत झिजून समुद्राचे पाणी आत येई. १८५४ मध्ये जॉन पेन ह्यांनी लिग्नम व्हायटी नावाच्या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसवून तो प्रश्न सोडविला, आणि हे लाकडी बेअरिंग नुसत्या समुद्राच्या पाण्यावर शंभर वर्षे चालले. नंतर तेलात चालणारी बेअरिंगे आली. दांडा बाहेर काढायचा तर बोट सुक्या गोदीत घ्यावी लागते, आणि गोदीचा दिवस महाग. म्हणून त्या तेलाची दर सहा महिन्यांनी तपासणी करून पाणी आणि धातू मर्यादेत असल्याचे दाखविले तर दांडा काढण्याची मुदत लांबवून मिळते. मालकाचे पैसे वाचले, बोट समुद्रावर राहिली, गोदीतले काम घटले.

बोटीवरची माणसेही घटली. १९६१ साली जपानात ‘किंकासान मारू’ ही बोट निघाली, तिचे इंजिन थेट कप्तानाच्या पुलावरून चालविता येई. त्यानंतर काही वर्षांतच रात्री इंजिनघर कुलूपबंद ठेवण्याची रीत पडली. इंजिनिअर झोपलेला, आणि इशारा झाला तर त्याच्या खोलीत घंटा वाजते. जेथे पूर्वी चाळीस-पन्नास माणसे असत तेथे त्याहून कितीतरी मोठी बोट आता वीस-पंचवीस माणसे नेतात. तेलवाल्याचा हुद्दा ऑइलर, मोटरमन अशा नावांनी राहिला आहे. नमुन्याची बाटली भरणे, टाकीची पातळी पाहणे, गाळण्या धुणे, घंटा वाजली की धावणे हे सारे त्या मोजक्या लोकांवर. सागरी कामगारांच्या २००६ च्या करारात चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात सत्त्याहत्तर तास विश्रांती सांगितली आहे, आणि तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये असेही बजावले आहे. आपल्या देशाने २०१५ साली त्याला मान्यता दिली. आमच्या दृष्टीने हे कलम धुके ओळखणाऱ्या यंत्राइतकेच इंजिनाच्या सुरक्षिततेचे कलम आहे. कारण थकलेला माणूस घंटा ऐकतो आणि बटण दाबून ती बंद करतो.

ही कल्पना नव्हे. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ हुस्टाडविका ह्या खडकाळ आणि कुप्रसिद्ध पाण्यात ‘व्हायकिंग स्काय’ ही नवी, सर्व साधनांनी सज्ज अशी उतारू बोट वादळात सापडली. तिच्यावर १,३७३ माणसे होती. चार डिझेल यंत्रांपैकी एक आधीपासून नादुरुस्त. उरलेल्या तिघांच्या तळच्या तेलटाक्या २८ ते ४० टक्के भरलेल्या, आणि यंत्र बनविणाऱ्याची सूचना ६८ ते ७५ टक्क्यांची. त्या दिवशी पहाटे पाच ते सकाळी नऊच्या दरम्यान तेल कमी असल्याचा इशारा अठरा वेळा झाला. प्रत्येक इशारा काही सेकंदांत शमला. बोट हेलकावे घेत होती, टाकीतले तेल इकडून तिकडे डचमळत होते, आणि पातळी क्षणात खाली तर क्षणात वर जात होती. दुपारी दोनच्या सुमारास हेलकावे वाढले, पंपांच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली, तेलाचा दाब पडला आणि यंत्रे स्वतःला वाचविण्यासाठी एकामागून एक थांबली. बोट अंधारात वाऱ्याबरोबर खडकांकडे वाहू लागली. नांगर टाकले ते धरेनात. इंजिनघरातल्या लोकांनी साठ्याच्या टाकीतून तळटाक्यांत तेल चढवायला सुरुवात केली आणि यंत्रे पुन्हा चालू केली, तेव्हा खडक एका बोटीच्या लांबीइतका जवळ होता. ४७९ उतारूंना हेलिकॉप्टरने दोरावरून उचलून नेले. बोट दुसऱ्या दिवशी मोल्दे बंदराला लागली.

नॉर्वेच्या चौकशी मंडळाने आपला पूर्ण अहवाल २०२४ मध्ये दिला. यंत्रे थांबली ती टाक्यांत पुरेसे तेल नसल्यामुळे, हे त्यात आहेच. पण त्यापुढे मंडळ असेही म्हणते की एक यंत्र नादुरुस्त असताना ही बोट सुरक्षिततेच्या लागू नियमांत बसत नव्हती, आणि त्या हवामानात तिने ट्रोम्सो बंदर सोडायलाच नको होते.